पंक्तिभेद

कुंदाबाईंचा राग सहसा कुणाला दिसत नसे. साताऱ्याच्या प्राथमिक शाळेत त्यांनी पिढ्या शिकवल्या, पण कधी छडी धरली नाही. त्या रविवारी मात्र आखातात मुलाकडे, अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये पुऱ्या तळता तळता तेलापेक्षा त्यांचंच डोकं जास्त तापलं.

टेबलाशी मुलगा सत्यजित आणि त्याचा केटरिंगमधला भागीदार रणजित. दोघांच्या ताटात श्रीखंड-पुरी. टोकाला अकरा वर्षांची मिहिका, पुढ्यात काकडी आणि उकडलेला दुधी. वजन जास्त, साखर काठावर, असं महिन्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं आणि पोरीचं ताट वेगळं झालं.

"वहिनी, ते तुमचं सामोआ काय म्हणतंय?" रणजितने विचारलं.

सून शिवानी अबुधाबीत आहार आणि आजारांवर संशोधन करायची. सामोआच्या बेटांवर दोन महिने राहून आली होती. "भाऊजी, घराघरांत लठ्ठपणा, घराघरांत डायबेटिस. मासे नि कंदमुळं खाणारी माणसं ती. बाहेरून डबाबंद मांस आणि साखर आली, आणि सगळं बदललं. आम्ही एकेकट्याला नाही, अख्ख्या कुटुंबाला तपासलं. रविवारी चर्चमधून आले की सगळे एकत्र जेवतात. एकट्यालाच पथ्य दिलं तर ते टिकतच नाही."

बोलता बोलता तिने सत्यजितच्या वाटीत आणखी श्रीखंड घातलं.

"कशाला लांब जायचं?" रणजित हसला. "आपलं सामोआ इथंच बसलंय की! काय मिहू?"

सत्यजित हसला. आणि मिहिकाही हसली, मान खाली घालून. ते हसू कुंदाबाईंना ओळखीचं होतं. वर्गात ज्या पोराची टिंगल होते, ते पोर सगळ्यांच्या आधी असंच हसतं.

त्यांनी गॅस बंद केला आणि त्या टेबलाशी आल्या.

"रणजित, तू पाहुणा आहेस म्हणून गप्प होते. पुन्हा माझ्या नातीला हसलास तर ताटावरून उठवीन."

"काकू, गंमत केली हो..."

"त्या बेटावरच्या माणसांचीही गंमत नको. आणि शिवानी, तू परदेशात जाऊन शिकलीस की घर एकत्र तपासायचं. मग आपल्या घरात हे काय? आमच्याकडे पंगतीत एकाला तूप आणि शेजारच्याला ताक वाढलं तर वाढणाऱ्याच्या हातून भांडं काढून घेत. पंक्तिभेद म्हणत त्याला. पाप मानत. तू रोज पोटच्या पोरीशी तेच करतेस!"

शिवानीचा हात वाटीवरच थांबला.

"आई, तिच्या भल्यासाठीच..." सत्यजित म्हणाला.

"आणि तुझं भलं? तुझे वडील साखरेनं गेले. आधी पाय गेला, मग डोळे, मग माणूस. तू कधी साखर तपासलीस? मिहू, आण गं तुझं ते मशीन."

"आई, यल्ला, चल ना, जेवण गार होतंय! उद्या करू, इन्शाल्ला."

"तिला उद्या म्हणायची सोय असते का? दर रविवारी तिच्या बोटाला टोचता. बोट पुढे कर."

मिहिकाने मशीन आणलं. सराईतपणे बाबाचं बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. मशीन वाजलं. तिने आकडा पाहिला आणि घाबरून आईकडे बघितलं.

"थ्री-ट्वेल्व्ह. मम्मा, इज ही ओके? आय नेव्हर गेट दॅट."

 शिवानीने मशीन हातात घेऊन पुन्हा बघितलं: तीनशे बारा, हवी त्याच्या दुपटीहून जास्त साखर. शेकडो घरांच्या साखरेचा अभ्यास केलेली बाई ती.

कुंदाबाईंना रडू येत होतं, पण राग त्याला वाट देईना. त्यांनी सत्यजितच्या पुढ्यातली श्रीखंडाची वाटी उचलली, मग पुऱ्यांचं ताट. आतून दुधीचं पातेलं आणून मधोमध आदळलं.

"उद्या सकाळी डॉक्टरकडे दोघं जातील, बाप आणि लेक. आणि आजपासून या घरात एकच स्वयंपाक. खलास."

रणजितने चाचरत विचारलं, "काकू, पाहुण्यांना तरी..."

"पाहुण्यांनाही दुधीच," असं म्हणून कुंदाबाईंनी पहिला डाव त्याच्याच ताटात वाढला. मिहिकाने आपला काकडीचा वाडगा बाबासमोर सरकवला, आणि या वेळी कुणीच हसलं नाही.