फिरोजी छातीचा चास

माझ्या हातून झालेले बहुतेक गाढवपणे लोक विसरले. एक मात्र मी स्वतःच लेखी करून ठेवला होता. नंदुरबारच्या आमच्या पक्षीमंडळाच्या वहीत, मागच्या ऑक्टोबरच्या पानावर, फरजानाआपांच्या नोंदीपुढे मी लाल शाईने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मी पुनीत. धंदा पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचा, नाद पक्ष्यांचा. मंडळाचा नोंदप्रमुख मी आणि नियमही माझाच: दुर्मीळ पक्षी दिसला म्हणता, तर फोटो दाखवा, नाहीतर साक्षीदार आणा. आपांकडे दोन्ही नव्हतं. धरणाचं पाणी आमच्या जिल्ह्यात नर्मदेकाठच्या डोंगरांत शिरलंय आणि बुडालेल्या डोंगरांचे नुसते माथे वर राहिलेत. त्या बेटांवर मंडळाची सहल गेली होती. आम्ही सगळे पोहे खात होतो. तेवढ्यात आपांना एका वठलेल्या झाडावर काश्मिरी चास दिसला आणि आम्ही तोंड पुसून येईपर्यंत उडाला.

साधा चास म्हणजे आमच्या मारवाडी घरातला नीलकंठ. तो शेताच्या तारेवर रोज दिसतो, छाती तपकिरी. काश्मिरी चास हा त्याचा परदेशी भाऊ. पावसाळा सरला की आफ्रिकेकडे जाताना चार दिवस आपल्या भागातून जातो आणि पुन्हा वर्षभर नाव नाही. मी वीस वर्षं त्याच्या मागे होतो. आणि तो दिसला कुणाला, तर तीन वर्षांपूर्वी दुर्बीण घेतलेल्या बाईला. पोटात दुखलं, दुसरं काय.

आपांचं ‘अतिका मॅचिंग सेंटर’ आहे. साडीला जुळणारा ब्लाऊजपीस काढून देण्यात सगळ्या बाजारात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. त्यांनी नोंदही तशीच लिहिली होती: छाती फिरोजी, पाठ विटकरी, उडताना पंखाची किनार काळी. दिवाळीच्या फराळाला मंडळ जमलं तेव्हा मी ती मोठ्याने वाचली आणि वर म्हणालो की आपांनी पाहिला तो पक्षी नसावा, उडालेला ब्लाऊजपीस असावा. सगळे हसले. आपाही हसल्या.

पण त्यानंतर त्यांनी एकही नोंद पाठवली नाही. आधी रोज सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आत मंडळाच्या ग्रुपवर त्यांचे चार-पाच पक्षी यायचे, आकड्यांसकट. ते बंद झाले. वर्षभर मी लक्षात न आल्याचं सोंग केलं, पण रोज सकाळी मोबाइल उघडला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. माफी मागायला जीभ उचलत नव्हती. आमच्या घराण्यात तो अवयव जरा जडच आहे.

या वर्षी दसरा होऊन आठ दिवस झाले आणि आपा माझ्या दुकानात आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. “पुनीतभाऊ, तुम्ही चला. तो चास तुम्हना डोयाघाई दखा,” त्या अहिराणीत म्हणाल्या. “नही दिसना, तर मन्हं नाव मंडळमाईन काढी टाका.” आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला घाम फुटला. आपांचं नाव गेलं असतं तर मंडळात राहिलं असतं काय, तर चाळीस कॅमेरे आणि मी.

आम्ही आदल्या दिवशी धडगावला मुक्काम केला आणि पहाटे जीपने घाट उतरून नर्मदेच्या काठावर आलो. रेवजी बोट घेऊन उभा होता. तो काठावरच्या मणिबेली गावचा, त्या पाण्यात लहानाचा मोठा झालेला. मी त्याला बेटं दाखवायला सांगितलं, तर त्याने शांतपणे दुरुस्ती केली की इथे बेट एकही नाही, हे सगळे डोंगर आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. मी वहीत ‘बेट क्रमांक एक’ लिहिलं होतं, ते खोडलं.

आपांनी माझ्यासाठी वेगळा डबा आणला होता. कांदा-लसूण नाही हे कुणीही लक्षात ठेवेल. पण चातुर्मासात मला पालेभाजी चालत नाही म्हणून थेपल्यांत मेथीही घातली नव्हती. ज्या बाईच्या नोंदीवर मी वर्षापूर्वी शंका घेतली, तिला माझ्या पानातलं इतकं बारीक आठवत होतं. मी एकच थेपला खाऊन डबा मिटला.

सकाळ सुरेख होती. पाणी निवांत, कडेने पिवळं गवत, वठलेल्या सागांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. आपा एकेक पक्षी हळूच दाखवत होत्या, पण लिहीत काही नव्हत्या. चास मात्र दिसला तो तपकिरी छातीचाच, तीनदा. तिसऱ्या वेळी आपांनी दुर्बीण खाली घेतली ती बराच वेळ उचलली नाही.

त्यात डिझेलच्या वासाने माझं डोकं गरगरायला लागलं. अकराच्या सुमाराला मी रेवजीला म्हटलं की मला कुठल्याही डोंगरावर उतरव आणि तासाभराने ने. त्याने एका माथ्यावर उतरवलं, मी झुडपाच्या सावलीत आडवा झालो आणि आपांना घेऊन बोट पलीकडच्या वळणाआड गेली. कॅमेरा आणि मोबाइलची पिशवी बोटीतच राहिली आहे हे मला मागाहून कळलं.

कळलं ते अशा वेळी की कुणाच्या शत्रूवरही येऊ नये. डोळे उघडले तर समोरच्या वठलेल्या झाडावर, फार तर वीस पावलांवर, तो बसलेला. डोक्यापासून पोटापर्यंत निळा, कुठे तपकिरी ठिपकासुद्धा नाही. पाठीवर विटेचा रंग. मी श्वास रोखला आणि हात पिशवीकडे नेला, तर तिथे दगड. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण मला त्या दगडाने शिकवली.

आणि काय सांगू, पुढची वीस मिनिटं त्याने माझ्यासाठीच ठेवली होती. खाली झेपावला, टोळ धरला, फांदीवर आपटून आपटून गिळला. उडाला तेव्हा पंखाची काळी किनार अशी लख्ख दिसली की मी तोंडावर हात दाबून एकटाच हसत होतो. डोळ्यांना पाणी आलं. वीस वर्षांचा आनंद एकदम अंगावर आला. मग तो उंच चढला, पाणी ओलांडलं आणि पश्चिमेकडे निघून गेला.

बोटीचा आवाज आला तेव्हा मी भानावर आलो. फोटो नाही, साक्षीदार नाही. गप्प बसलो असतो तर माझी नोंदप्रमुखाची अब्रू शाबूत राहिली असती. असा विचार मनात आला, हे मी लपवत नाही. पण आपा बोटीतून उतरल्या त्या अगदी थकलेल्या. त्यांना काही दिसलं नव्हतं, हे विचारायचीही गरज नव्हती. मी बोलून टाकलं.

आपा समोरच्या दगडावर बसल्या. पदर सावरला. “फोटो शे का?”

“नही.”

“दुसरं कोणी व्हतं का संगे?”

“नही.”

“मंग मी कसं मानू, पुनीतभाऊ?”

हे माझेच प्रश्न होते, याच क्रमाने विचारलेले. रेवजीने बोटीच्या दोरीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली. मी हात जोडले आणि शपथ घ्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात आपांनी पर्समधून एका सेफ्टीपिनेत ओवलेली कापडाची कातरणं काढली. आसमानी, रामा, मोरपंखी, चिंतामणी, फिरोजी, आणखी तीन-चार निळे ज्यांची नावं देवाला ठाऊक. आपा म्हणाल्या, छाती दाखवा.

वीस वर्षांत मी त्या पक्ष्याचं चित्र शंभरदा पाहिलं असेल, पण परीक्षेला बसलो ते तेव्हा. माझं बोट रामावर गेलं, परत आलं, आसमानीवर थबकलं. “उनमा दखा,” आपा म्हणाल्या. “सावलीमा रंग फसाडस.” मी कातरणं उन्हात धरली आणि एकदम तो टोळ गिळताना डोळ्यांपुढे उभा राहिला. मी एक कातरण ओढून बाजूला केलं.

आपांनी ते पाहिलं. मग त्या हसल्या, आणि हे हसणं फराळाच्या दिवशीसारखं नव्हतं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “फिरोजी. मी मानस,” त्या म्हणाल्या. “मन्हावालाच व्हता तो.”

मी माफी मागितली. रेवजीच्या देखत, पुरी, ब्लाऊजपीसच्या विनोदासकट. आपांनी मान हलवली आणि थेपल्यांचा डबा पुढे केला. या वेळी मी पाच खाल्ले. दुपारी तीनपर्यंत आम्ही तिघे त्याची वाट पाहत बसलो. तो आला नाही, आणि खरं सांगतो, कुणाला फारसं वाईटही वाटलं नाही. रेवजी आम्हाला डोंगरांची नावं सांगत होता आणि आपा ती पाठ करत होत्या.

परतीच्या जीपमध्ये मी पुढे बसलो, आपा मागे. धडगाव जवळ आलं तसा मोबाइलला जीव आला. मी ग्रुपवर लिहिलं: काश्मिरी चास, एक, आज दिसला. फोटो नाही, साक्षीदार नाही. मागच्या वर्षीची फरजानाआपांची नोंद खरी होती, प्रश्नचिन्ह माझं चुकलं, ते खोडलं आहे.

मंडळाला मीच तयार केलंय, त्यामुळे उत्तरं वेळेवर आली. फोटो? साक्षीदार? एकाने विचारलं, शेठ, ऊन लागलं का? मी कपाळाला हात लावला. जीपवाला चुडामण गालात हसत होता.

तेवढ्यात मोबाइल वाजला. पांढरा धोबी, पाच. पुन्हा वाजला. तुतवार, दोन. मी मागे वळून पाहिलं तर आपा चष्मा नाकावर ओढून, मान खाली घालून टाइप करत होत्या. नदी सुरय, सात. कैकर, एक, पायात मासा. त्यांनी सकाळी काही लिहिलं नव्हतं, पण विसरल्या एकही नव्हत्या. मोबाइल वाजत राहिला. चुडामणने वैतागून विचारलं की शेठ, इतकं कोण बोलतंय तुमच्याशी?

मी म्हटलं, “आमन्या आपा. वरीसभरथीन बोल्या नव्हत्या.”