कांद्याच्या वासाला बसून

कळंबला गुलाबबाईंच्या घरी वर हॉल, खाली कांद्याचं गोदाम. जैन घर, कांदा कुणी खात नसे, पण तीन पिढ्या त्याच्यावरच चाललेल्या. दुपारी हॉलमध्ये सात-आठ जणी सामायिकाला, म्हणजे ध्यानाच्या व्रताला बसत. अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर, तोंडाला मुहपत्तीचं पांढरं फडकं, समोर वेळ मोजायला वाळूची घडी. तेवढ्या वेळात उठायचं नाही, कच्च्या भाजीला शिवायचं नाही. विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, दुसऱ्यालाही लावायला सांगायचं नाही. पंचावन्न वर्षांत गुलाबबाईंचं एकही सामायिक मोडलं नव्हतं.

सून डिंपलला कांद्याच्या वासाची लाज वाटे. हायवेच्या धुळीनं खिडक्या बंदच, म्हणून तिनं भिंतीवर विजेवर चालणारं सुगंधाचं यंत्र लावलं. छाती भरते, असं गुलाबबाईंनी दोनदा सांगितलं, तेव्हा बसण्याआधी ते बंद करायचं ठरलं. आज डिंपल विसरली. घडी उलटली आणि यंत्र फुसकारलं.

सगळ्या जणी त्याच्याकडे बघत राहिल्या, डिंपलसुद्धा. हात कुणाचाच उठेना. तिसऱ्या फुसकाऱ्याला गुलाबबाईंच्या छातीत शिट्टी वाजू लागली. वाळू अजून अर्धीही सरली नव्हती. त्यांनी आसन सोडलं आणि भिंत धरत जिना उतरल्या.

खाली महाळुंगे पडवळची साळुबाई कांदा निवडत होती. तिनं रिकामी पोती घडी करून बसायला दिली. गुलाबबाईंनी दम्याचा पंप ओढला. ह्याच वासात त्या नवी नवरी म्हणून आल्या होत्या.

"कांदा रडवतो बाई," साळुबाई म्हणाली, "पर गळा न्हाई धरत."

वाळू संपल्यावर डिंपल धावत आली. "मम्मी, अस्सल चंदनाचं तेल होतं हो. केमिकल नव्हतं त्यात."

"छातीला काय कळतंय बाळ, अस्सल कुठलं नि नकली कुठलं."

मागून उतरलेली शेजारीण हळूच म्हणाली की महिनाभर तिचंही डोकं धरत होतं. दुसऱ्याच्या घरी कसं बोलायचं म्हणून गप्प राहिली.  यंत्र काढते, खिडक्या उघडते, असं डिंपल म्हणाली.

 गुलाबबाईंना मोडलेलं सामायिक पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं, आणि अंगात जिना चढायचं बळ नव्हतं. वरचा वास चार दिवस तरी जाणार नव्हता.

"घडी आणि आसन इथंच आण," त्या म्हणाल्या.

साळुबाईनं कांदे मागं लोटले, बाईंना स्पर्श होणार नाही इतके. डिंपलनं घडी उलटली आणि शेजारी स्वतःचंही आसन टाकलं.