लिंबाखाली थांबणारी मशीन

मी गवत कापायची मशीन बोलतेय. शेगावच्या बाहेर, रोडाला लागून एक लग्नाचं लॉन आहे. तिथं पाण्याच्या टाकीमागं पत्र्याची खोली आहे, तिच्यात माझा मुक्काम. चार चाकं, एक पातं, दोरी ओढली की सुरू होणारं इंजिन आणि ढकलायला लांब दांडा, एवढाच माझा पसारा. पण मधली दीड वर्षं अशी गेली की माणसं माझ्यासमोर येताना पायातली चप्पल काढत होती. ते कसं झालं, सावकाश सांगते. घाई मला जमत नाही. घाईनं ढकललं तर मी गवत कापत नाही, नुसतं लोळवते.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. खोक्यातला अंधार आठवतो आणि ट्रकचे हादरे. माझं जगणं सुरू झालं ते उकंडरावांच्या हातात. लॉनचे मालक शेषराव, आणि उकंडराव तिथले माळी. मी येण्याआधी ते उकिडवे बसून, सरकत सरकत विळ्यानं सगळं लॉन कापायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, बैलाच्या फिरवतात तसा.

"चाल वं माय," म्हणाले. "तुह्या भरोशावर माहे गुडघे वाचतीन."

त्यांची बायको गोजरबाई दारातूनच बोलली, "माय म्हना नाही तं बाई म्हना. मले तं सवतच आली."

रोज सकाळी फाटकापासून सुरुवात व्हायची. एका ओळीला लागून दुसरी ओळ, शेत पेरावं तशी. पाव तास झाला की कडुलिंब यायचा. तिथं गोजरबाई कोरा चहा घेऊन उभी असायची. उकंडराव मला बंद करायचे. त्यांची एक लकब होती. बटण आधी अंगठ्यानं चाचपायचे, मग दाबायचे. गाईची धार काढण्याआधी कास थोपटावी तसं.

माझ्या दांड्यावर एक आडवी पट्टी आहे. ती मुठीत दाबून धरली तरच मी चालते, सोडली की बंद. माणूस पडला-झडला तर पातं फिरत राहू नये, म्हणून केलेली ती सोय. पण दाबून दाबून बोटं दुखतात. म्हणून उकंडरावांनी ती पट्टी सुतळीनं दांड्याला पक्की बांधून टाकली होती.

एका भादव्यात, लिंबाखाली, त्यांचे हात माझ्यावरून सुटले. मला वाटलं पाय घसरला. ते गवतावर आडवे झाले, एक हात माझ्या चाकाशी. मी तिथंच थांबले. गोजरबाई चहा घेऊन दहा पावलांवर होती. पेला तिच्या हातातून पडला नाही. तिनं तो नीट खाली ठेवला आणि मग ओरडली.

पुढं दसरा आला. दसऱ्याला सगळी हत्यारं धुऊन पुजायची रीत. दरवर्षी उकंडराव मला पुसून दांड्यावर झेंडूचं फूल खोचायचे, बस. त्या वर्षी गोजरबाईनं पूजा केली. तिनं तेलात शेंदूर कालवला आणि माझ्या डोक्यावर लावला. माझं डोकं म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं झाकण. स्वतःच्या रिकाम्या कपाळाकडं तिचा हात एकदा गेला आणि परत आला.

लॉन सांभाळायला गोकुळ नावाचा नवा माळी आला. दोन लेकरांचा बाप, मेहनती, पण भित्रा. तो टाकी काठोकाठ भरायचा, फाटकापासून सुरू करायचा. पहिल्याच दिवशी लिंबाजवळ माझी छाती आवळली, धाप लागली आणि मी बंद पडले. गोकुळनं दोरी ओढून ओढून पाहिली. मग पेट्रोल आहे की नाही ते पाहायला झाकण फिरवलं. आतून उसासा निघाला. लांब, माणसाचा असावा तसा. त्यानंतर दोरी ओढली, तर मी एका झटक्यात चालू!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तीच जागा, तोच उसासा.

उकंडराव कुठं पडले ते गोकुळनं ऐकलं होतं. त्यानं मला तिथंच सोडलं आणि पळत गेला. "मामी! मामा हायेत वं हिच्यात! अजून चहाची वाट पाहून राह्यले!"

गोजरबाई भ्याली नाही. ती चहा घेऊन आली, पेला माझ्या चाकाजवळ ठेवला आणि पदर सावरून बसली. "थकले का?" तिनं विचारलं. "बसा मंग जराकसे."

तेव्हापासून ती रोज येऊन बसायची. कापसाला भाव काय चालू आहे, लिंबावर कावळ्यानं घरटं केलं, सुनेला तिखट सोसत नाही, असलं सगळं मला सांगायची. आणि दर अमावास्येला माझ्या डोक्यावर शेंदराचा नवा थर. शेंदूर वाळून दगडासारखा झाला. तो पाहून लॉनवर येणारी माणसंही माझ्यासमोर चप्पल काढू लागली. खरं सांगू, मलाही वाटू लागलं होतं की ते माझ्यात आहेत. लिंबाची सावली अंगावर आली की कोणीतरी आतून धरून ठेवायचं.

हळूहळू गोकुळ लिंबाकडचं गवत टाळू लागला. ते गुडघ्याएवढं वाढलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तसे शेषराव एक दिवस तिथं उभे राहून तापले. "आखाजीच्या लग्नाचं बुकिंग हाय माह्याकडं. नवरदेव काय गवतात चरीन? मशीन भंगारात द्या, नवी आणतो."

गोजरबाईनं माझा दांडा धरला. "मालक, एक डाव कोनाले दाखवा. मंग काय करा लागते थे करा."

शेगावात माझ्या जातीची मशीन कोणी उघडेना. शेवटी सोनाळ्याहून नारायणराव आले. फवारणीचे पंप दुरुस्त करणारा म्हातारा माणूस. एसटीनं आले, खांद्याला कापडी पिशवी. आधी पाणी प्याले, मग माझ्यासमोर मांडी घालून बसले. प्लग काढला, काजळी घासली. हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणानं धुऊन उन्हात वाळवला. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. पोटाखाली चिकटलेलं वाळकं गवत खरवडलं, पात्याला धार लावली. मला आजारातून उठल्यासारखं वाटलं.

"चालव आता," ते गोकुळला म्हणाले.

लिंबाजवळ मी बंद पडले.

"पाह्यलं?" गोकुळ कुजबुजला.

नारायणरावांनी फाटकापासून लिंबापर्यंतच्या कापलेल्या ओळी पाहिल्या. मग म्हणाले, "आता उलटीकून चालव. स्टेजपासून."

गोकुळनं मला स्टेजपाशी नेलं, झाकण उघडून टाकी भरली आणि निघाला. पाव तासानं मी पुन्हा बंद पडले. पण लिंब तिथून लांब होता. मी होते सैपाकाच्या शेडसमोर.

"काऊन बे," नारायणरावांनी विचारलं, "तुहे मामा सैपाकघराकडं कायले गेले?"

गोजरबाईच्या तोंडून निघून गेलं, "जेवाले."

सगळे हसले. तीही हसली. आणि हसता हसता तिचा चेहरा उतरला. तिला कळलं होतं.

नारायणरावांनी झाकण फिरवलं. उसासा निघाला. "हे हवा आत जाऊन राह्यली," ते म्हणाले. "झाकणाले बारीक भोक असते. पेट्रोल खाली उतरलं की तितकी हवा आत आली पाहिजे. थे भोक बुजलं हाय. टाकी काठोकाठ असली की पाव तास चालते, मंग मशीनचा जीव गुदमरते. एकडाव झाकण उघडलं की टाकीतल्या रिकाम्या जागेत हवा भरते, मंग पुन्हा लवकर नाही बंद पडत. कुठूनही सुरू करा, पाव तास."

झाकण शेंदरानं लाल होतं.

म्हणजे ज्यानं माझा श्वास कोंडला, तो तिचाच हात होता. आणि त्या कोंडण्यालाच ती नवरा समजून चहा देत होती.

नारायणरावांनी शेंदूर खरवडला नाही. झाकण तिच्या तळहातावर ठेवलं. "तुमच्या हातानं लागलं बाई, तुमच्याच हातानं निघू द्या."

गोजरबाईनं पोलक्याची सेफ्टी पिन काढली. पिन धरून बसली, बसलीच. "भाऊ, हे मोकळं केलं तं थे जातीन का हो?"

"मले इंजिनातलं समजते," नारायणराव हळूच म्हणाले. "त्याच्या पुढचं नाही समजत."

तिनं मागं उभ्या असलेल्या शेषरावांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग पिन टोचली. लाल भुकटी तिच्या लुगड्यावर सांडत राहिली. शेवटी भोकातून उजेड दिसला.

गोकुळनं मला फाटकापासून चालवलं. लिंब आला. माझी छाती आवळली नाही. मी त्या गुडघाभर गवतातून सरळ पुढं गेले. गोजरबाई पदर तोंडात धरून उभी होती. एवढं एकटं मी तिला त्या भादव्यातही पाहिलं नव्हतं.

जाता जाता नारायणरावांनी दांड्यावरची सुतळी कापली. "हे कोनं बांधलं? मानूस पडला तं पातं फिरतच राहीन ना."

"त्यायनंच बांधली होती," गोजरबाई म्हणाली.

म्हातारा थबकला. "म्हंजे थे पडले त्या दिवशीही बांधेलच होती?"

"हाव."

"मंग त्या दिवशी मशीन बंद कोनं केली?"

गोजरबाईनं लिंबाकडं पाहिलं. ती तेव्हा दहा पावलांवर होती, आणि गोकुळ तर या गावातच नव्हता. नारायणरावांनी सुतळीचा तुकडा खिशात टाकला आणि एसटीच्या वेळेचं निमित्त काढून निघाले.

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर एवढंच सांगितलं असतं: त्या दिवशी टाकीत पेट्रोल होतं, झाकणाला शेंदूर नव्हता, मला काही दुखत-खुपत नव्हतं. हात सुटले. ते खाली गेले. आणि ते खाली गेल्यावर माझं बटण कोणीतरी आधी अंगठ्यानं चाचपलं, मग दाबलं.

आखाजीचं लग्न झालं. भंगारवाल्याकडं माझं जाणं टळलं. दसऱ्याला मला आता झेंडूचं फूलच पुरतं. तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी असेल तर तिला पुसा, धुवा, हवं तर हात जोडा. पण तिचा श्वास बुजवू नका आणि तिची पट्टी बांधू नका. एवढंच माझं मागणं.

गोकुळ आताही फाटकापासून सुरू करतो. पाव तासानं लिंब येतो. गोजरबाई पेला घेऊन उभी असते. ती हात वर करते, गोकुळ थांबतो, आणि ती स्वतः पुढं येऊन मला बंद करते.

तिला हे कोणी शिकवलं नाही. उकंडराव मला बंद करायचे तेव्हा ती पेल्याकडं पाहायची, बटणाकडं नाही. तरी ती आधी अंगठ्यानं चाचपते. मग दाबते.