माझ्यात नसलेला निळा

मी एक रंगीत चित्रपट बोलतोय. टाळ्या नकोत, वाजवणाऱ्यांची लायकी मला चांगली ठाऊक आहे.

माझा जन्म १९२९ सालचा, लंडनजवळच्या एका स्टुडिओतला. एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवर मला बेतलं होतं. तेव्हा फिल्मवर तांबडा आणि हिरवा एवढे दोनच रंग उमटत. कादंबरीतली नायिका मात्र लग्नात निळा झगा घालते. दिग्दर्शक महाशय म्हणाले, "हिरवा घाला हो! पुस्तक वाचलंय कुणी?" त्यांनी स्वतःही वाचलं नव्हतं.

कपडेपटातल्या वीस वर्षांच्या हिल्डा क्रॅबट्रीने वाचलं होतं. तिने अकरा वेळा कापड रंगवलं, अकरा वेळा कॅमेऱ्यापुढे धरलं. शेवटी अशी एक करडी-हिरवी छटा साधली, की पडद्यावर निळ्याचा भास व्हावा. श्रेय अर्थातच महाशयांनी लाटलं.

आणि प्रेक्षक? टॉफ्या चघळत बसायचे, निघताना म्हणायचे, "पुस्तकाची सर नाही!" न वाचलेले सगळ्यात मोठ्याने.

आज, पन्नास वर्षांनी, माझी एकच प्रत उरलीय, चित्रपटांच्या संग्रहालयात. माझी फिल्म पटकन पेट घेते. म्हणून स्वस्तातली काळी-पांढरी नक्कल काढून मला जाळायचं ठरलं. पण माझ्यावर काम केलेल्या एकानेही हरकत घेतली, तर मला हात लावायचा नाही, असा नियम. जिवंत फक्त हिल्डा. पत्र मिळताच सत्तरीची बाई दोन गाड्या बदलून हरकत घ्यायला आली.

लायल नावाच्या अधिकाऱ्याने तिला चहा दिला, बिस्किटं दिली, नक्कल दाखवली. झगा राखेच्या रंगाचा दिसत होता.

"एक ओरखडा नाही बघा! मग, काही हरकत नाही ना, मिस क्रॅबट्री?"

ती पर्सच्या कडीची उघडझाप करत राहिली. मी शेजारच्या टेबलावर, डब्यात. बोलून टाक, बाई!

"छे हो, हरकत कसली? तुम्ही एवढी मेहनत घेतलीत. आणि चहा फार छान होता हं."

झालं! या इंग्रजांच्या पायावर कुणी पाय दिला, तरी माफी हेच मागणार. संताप येतो मला. जाताना तिने माझ्या डब्यावर हात ठेवला आणि पुटपुटली, "सॉरी हं." माझीही माफी! तेव्हा मात्र मला तिच्यावर धड चिडताही येईना.

उद्या सकाळी मागच्या अंगणात मला पेटवतील. हिल्डा, जमलं तर ये. ज्वाळेच्या बुडाशी निळा असतो म्हणे.