विहिरीकाठची ओळ

तिगावच्या शिवारातली ती संत्र्याची बाग दोन भावांची. धाकटा गजानन गेल्या पावसाळ्यात वारला आणि थोरल्या भगवंतरावांना वाटणीची घाई सुटली. गजाननची बायको जयवंता हिने एकच मागणं मागितलं. विहिरीकाठची ओळ मला द्या. त्या ओळीतलं एकेक कलम गजाननने स्वतःच्या हाताने बांधलेलं होतं. पोटी मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती झाडंच दोघांची लेकरं होती.

भगवंतराव हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. नागपूरला कंपनीत प्रोग्राम लिहिणाऱ्या आपल्या लेकाला, कुलदीपला, त्यांनी बोलावून घेतलं. स्वतःचे हात स्वच्छ ठेवायचे असले की माणसं अशी हुशार होतात.

कुलदीपने गावातल्या चार जाणत्यांसमोर खाटेवर लॅपटॉप उघडला.

"हे पाह्य काकू, एकेक झाड म्हंजे कॉम्प्युटरसाठी एकेक ऑब्जेक्ट. वय किती, बुंधा केवढा, पानं कशी, फळ किती, हे त्याचे गुण. अन् लूप म्हंजे फेरा. पहिल्या झाडापासून निघते, त्याचे गुण वाचते, मंग दुसऱ्याचे, मंग तिसऱ्याचे. कोणाचं तोंड पाहून थांबत नाही."

"अन् कलम कोणं बांधलं, थे वाचते का?"

"तसा गुणच नाही टाकला ना," कुलदीप हसला. जाणतेही हसले. "तगड्या ओळी आमच्याकडे, कमजोर तुह्याकडे. तू एकटी जीव. तुले काय करायची एवढी संत्री? बाग ताणावरून उठली का मी फोटो काढतो, कॉम्प्युटर त्याच्यावरूनच गुण वाचते, मंग बसू."

पण डोकं जयवंतालाही होतं.

संत्र्याला बहर धरायचा तर आधी पाणी तोडावं लागतं. झाड तहानेने कोमेजतं, पानं गाळतं आणि मग पाणी मिळालं की फुलांनी लदबदून जातं. याला ताण देणं म्हणतात, आणि ते तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जानेवारी सरता सरता सगळ्या बागेला पाणी सुटलं. जयवंताने विहिरीकाठच्या ओळीच्या पाण्याचा कॉक तेवढा बंदच ठेवला. झाडं कमजोर दिसली की आपल्याच पदरात पडतील, एवढा साधा तिचा हिशेब होता.

बाकीची बाग पोपटी झाली, आणि तिची लेकरं मात्र हाकेवर पाणी असून तहानलेली उभी राहिली. रोज ती बुंध्यावरून हात फिरवायची. "सोसा रे थोडं. मंग सारं तुमचंच हाय." बोलताना तिला रडू फुटायचं, पण कॉककडे हात गेला नाही. शेवटी फांद्यांवर पानच उरलं नाही.

कुलदीप फोटो काढत आला. विहिरीपाशी तो बुटाची लेस बांधायला वाकला, कॉकवर एक नजर टाकली आणि पुढे गेला. जयवंताने लांबून पाहिलं. शहरातल्या पोराला काय कळतंय, म्हणून ती मनातून हसली.

दोन दिवसांनी पुन्हा तीच माणसं बागेत जमली. कुलदीपने बटण दाबलं.

"विहिरीकाठची ओळ मेलेली."

"मेलेली? तू त कमजोर म्हणला होता!"

"कमजोर वेगळं अन् मेलेलं वेगळं, काकू. पान नसलं तर मेलेलं, अशी नवीन अट टाकली काल. मेलेलं झाड वाटणीत नाही धरत. आरीवाले आले हायत मोहगावहून."

बांधावर माणसं आधीच उभी होती. भासऱ्यांसमोर, थोरल्या दिरासमोर, कधी पदर ढळू न दिलेली जयवंता ओरडली, "जिती हायत झाडं! ताणावर हायत! म्याच बंद केला कॉक, पानं गळावी म्हणून!"

"म्हंजे," भगवंतराव सावकाश म्हणाले, "गजाननची झाडं तूच मारली."

आरी सुरू झाली. पहिलं झाड कोसळलं, आणि आतलं लाकूड पांढरं, ओलं निघालं. ओल्या लाकडाचा वास सगळ्या बागेत पसरला. झाड जिवंत होतं हे प्रत्येकाने पाहिलं. भगवंतरावांनीही पाहिलं आणि ते तंबाखू मळू लागले.

जयवंताने दुसऱ्या झाडाला मिठी मारली. "थांबव रे बाबू, पाया पडते तुह्या!"

"फेरा मधातच नाही थांबवता येत, काकू. बाजूला हो."

हे धादांत खोटं होतं. प्रोग्राम शिकणारं पोर पहिल्याच आठवड्यात लूप थांबवायला शिकतं. पण तिथे ते ठाऊक असलेला माणूस एकटा कुलदीपच होता. बघायला जमलेल्यांतल्या दोन बायांनी तिला ओढून बाजूला केलं.

दुपारपर्यंत विहीर उघडी पडली. कुलदीपने उरलेल्या झाडांवर पुन्हा फेरा चालवला. मुरमाड कोपऱ्यातल्या ओळी जयवंताला आल्या, झाडंच नसल्याने फेऱ्याबाहेर राहिलेली विहिरीची जागा भगवंतरावांकडे गेली. चारही जाणत्यांनी माना डोलावल्या, कारण मशीनने कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं.

"समजलं ना काकू?" कुलदीपने अदबीने विचारलं. "का पुन्हा पहिल्या झाडापासून सांगू?"

"समजलं," जयवंता म्हणाली.