गाबोळीचा मान

तुळजाबाईच्या घरात मासा शिजला की कुणाच्या ताटात काय पडणार, हे मासा धरणात पोहत असल्यापासूनच ठरलेलं असायचं. पोटाचा तुकडा लेकाला, गाबोळी लेकाला, मधला भरीव तुकडाही लेकालाच. लेकीला शेपूट आणि रस्सा. गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंड्यांची थैली. माकणीत धरणाच्या काठाला राहून दीपमालेनं ती शंभरदा तव्यावर परतली असेल, पण खाल्ली काय, तर तव्याला चिकटलेली खरवड. आता ती सात महिन्यांची पोटुशी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तरी शेपूट काही चुकलं नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ दिग्विजय दोन वर्षं झाली, रत्नागिरीकडं मासळीच्या बंदरावर बर्फाच्या गाडीवर कामाला होता. गावात मात्र सुपरवायझर म्हणून सांगायचा. आठ दिवसांनी मुलीकडचे पाहुणे घर बघायला येणार होते, म्हणून गडी गावाला आला तो थर्माकोलच्या खोक्यात बर्फ आणि बर्फात मासा घेऊनच. मुंडकं नाही, कातडं नाही. नुसते पांढरे तुकडे, आणि दोन जाडजूड गाबोळ्या.

"सुरमई हाय, आये. साहेब लोक मला असंच देत्यात."

झालं! तुळजाबाईनं खोकं घेऊन अर्धी गल्ली फिरवली. लेकानं समिंदराचा मासा आणला, हे बघितलं नाही असं घर तिनं ठेवलं नाही.

दुपारी तव्यावर गाबोळी तडतडायला लागली. दीपमालेला राहवेना. "आये, एक मला ठेव गं. लई मन झालंय."

"त्यानं आणलीया, त्याला खाऊ दे पोटभर. तुला रस्सा हाय की."

मीठ बघायचं म्हणून दीपमालेनं नखाएवढा तुकडा मोडून जिभेवर ठेवला. उरलेला चुरा पायाशी घोटाळणाऱ्या मांजरीला टाकला. ताटं घेईपर्यंत तिची जीभ चुरचुरायला लागली, आणि मग ओठ. कच्चं अळू खाल्ल्यावर खवखवतं तसंही नाही. ओठ आपल्या तोंडाचे नाहीतच, असं काहीतरी.

"आये, ह्यात कायतरी हाय. माझं तोंड बधिर झालंय. दिग्याला वाढू नगं."

"व्हय की! तुला मिळंना म्हणून त्याला बी वाढू नगं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट!"

दिग्विजय समोरच पाटावर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि हसला. "डोहाळं लागल्यात म्हणून इतकी नाटकं, आक्का?" असं म्हणत दोन्ही गाबोळ्या त्यानं बोटं चाटत संपवल्या. बायकांची ताटं अजून वाढायचीच होती.

अर्धा तास गेला नसेल. आधी तो ओठ चोळायला लागला, मग भडाभडा ओकला. उठून मोरीकडं निघाला तर पाय प्यायलेल्या माणसासारखे लटपटले. हात गळाले. बोलायला गेला तर जिभेचा नुसता गोळा. घटकाभरात तो बाजेवर आडवा होता, पापण्या अर्ध्या मिटलेल्या आणि आत बुबुळं तेवढी हलत होती.

"नजर लागली माझ्या लेकराला!" तुळजाबाईनं ऊर बडवला. "ही बघत हुती टुकूटुकू ताटाकडं!"

शेजारची नागूबाई मीठमिरच्या घेऊन धावत आली. पोरावरून सात वेळा उतरवून मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही. "लई जबर नजर हाय," नागूबाई म्हणाली. "गरवार बाईची हाय ती, दगड फोडती."

मिरच्या जळायची वाट बघत बसायला दीपमालेला वेळ नव्हता. तिनं कुणाला न विचारता एकशे आठला फोन लावला. "मासा खाऊन झालंय, श्वास जड चाललाय, लवकर या," असं ती सांगत होती, तेवढ्यात आईनं तिच्या थोबाडीत ठेवून दिली. पोटुश्या पोरीच्या!

"जन्मली तवाच तुझं नरडं दाबायला पायजे हुतं! भाऊ खाल्लास तू, अवदसे!"

बाजेवर दिग्विजयची बुबुळं आईकडून बहिणीकडं वळली आणि तिथंच थांबली.

गाडीतल्या डॉक्टरनं धाराशिव येईपर्यंत हातानं फुगा दाबून त्याला श्वास दिला. दवाखान्यात मशीन लागलं. तरण्या डॉक्टरीणबाईनं सगळं विचारून घेतलं आणि मोबाइलवर फोटो दाखवला. चेंडूसारखा फुगलेला, काटेरी मासा.

"हा केंड असणार. जाळ्यात आला तर कोळी फेकून देतात. गाबोळीत आणि कलेजीत विष असतं. त्याला उतारा नाही. विष ओसरेपर्यंत मशीननं श्वास द्यायचा, बस्. उशीर केला असता तर गेला होता. आणि त्याच्यासमोर वेडंवाकडं बोलू नका. अंग लुळं पडलंय, पण डोकं जागं आहे. त्याला सगळं ऐकू येतंय."

सगळं ऐकू येतंय! दीपमालेच्या जिवात जीव आला. म्हणजे म्या वाढू नगं म्हणलं ते त्याला ठाऊक, थोबाडीत बसली ती ठाऊक, फोन कुणी लावला ते ठाऊक. जीभ सुटली की तो बोलेल. सुजलेले पाय घेऊन ती दोन दिवस बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली. तिला आता गाबोळी नको होती की काही नको होतं. त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, आईच्या देखत.

दुसऱ्या दिवशी दिग्विजयचा मोबाइल वाजला. बंदरावरचा सोबती उत्कर्ष. "काय रे, त्या केंडाचं काय केलंस? फेकलेला उचलू नको म्हणून बोंबलत होतो ना मी!" फोन दीपमालेनं उचलला होता. पण तिनं सांगून ऐकणार कोण? घरून निरोप आला होता, मांजर मोरीत मरून पडलीय. त्यावर तुळजाबाई म्हणाली होती, "मांजरीला बी हिचीच लागली."

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. खाटेभोवती तुळजाबाई, दीपमाला, आणि सोयरीक जमवणारे बालाजीमामा. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "मासा कुठून आणलास? फेकलेल्यातला होता का?"

दिग्विजयनं बहिणीकडं बघितलं. मग मामांकडं बघितलं.

"इकत घेतली हुती. सुरमई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. आणि आईचा पदर धरून, "आये, माझी दृष्ट काढ."

वा रे भाऊ! डॉक्टरीणबाई चिडली, "अहो, दृष्ट कसली, विष होतं ते!" तुळजाबाईनं "व्हय बाई, व्हय" म्हणून मान डोलावली आणि पदराच्या गाठीतलं मीठ सोडून लेकावरून उतरवलं. मामांनीही हात जोडले. दीपमाला खाटेचा दांडा धरून उभी राहिली.

घरी आल्यावर पहिलं जेवण. तुळजाबाईनं मुगाचं वरण केलं, भाकरी मऊ थापली. पाट मांडला, आणि मग लेकीला म्हणाली, "दीपे, तू भितीकडं तोंड करून बस. त्याचं जेवण हुईस्तवर वळून बघू नगं."

दीपमालेनं भावाकडं बघितलं. तो भाकरी कुस्करत होता. ती पोट सावरत खाली बसली, भिंतीकडं तोंड करून. चुलीच्या धुरानं काळी झालेली भिंत, आणि मागं त्याच्या मिटक्या.

"दिग्या," ती भिंतीकडं बघतच म्हणाली, "त्या दिशी तुला समदं ऐकू येत हुतं म्हणं. पर जीभ इखानं बधिर झालती, म्हणून तू गप हुतास. आज कशानं झालीया?"

मिटक्या थांबल्या.

"आये," दिग्विजय म्हणाला, "मीठ कमी हाय जरा."

तुळजाबाईनं मीठ आणून दिलं. दीपमालेनं चाचपडत मोबाइल काढला आणि नवऱ्याला फोन लावला, आजच न्यायला या म्हणून.