चौदा पूर्णांक तीन

झाकण हलत होतं. काळ्या प्लास्टिकच्या पट्टीला लटकलेलं टाकीचं झाकण, लॉस बानोसच्या पंपावर, भर दुपारी, ट्रकच्या पांढऱ्या पत्र्यावर टक्… टक्… आणि गुरुदत्त त्याच्याकडेच बघत उभा होता, कारण झाकणाकडे बघितलं की पंपावर पळणाऱ्या गॅलनांकडे बघावं लागत नाही, आणि गॅलनांकडे बघितलं नाही की मनातल्या मनात भागाकार होत नाही. पण सव्वीस वर्षं सांता क्लाराला सेन्सर अचूक दाखवतात की नाही हेच तपासत बसलेल्या माणसाच्या डोक्यात भागाकार आपोआप होतो, त्याला कोण काय करणार! मागच्या पंपापासूनचे मैल भागिले हे गॅलन… नऊ. फार तर नऊ पूर्णांक एक. गेली दोन वर्षं नऊच. गाडी बिचारी एकदाही खोटं बोलली नव्हती.

जगाला मात्र चौदा माहीत होते. ट्रकच्या पाठीवर अख्खी खोली चढवलेली — पलंग, शेगडी, बेसिन, न्हाणीघर म्हणावं असा एक कोनाडा — आणि त्या खोलीचं कपाळ टपाच्याही पुढे, वाऱ्याला आडवं आलेलं. असलं बिऱ्हाड वाहून नेणारा पेट्रोलचा ट्रक गॅलनला चौदा मैल देईल कसा, हे खरं तर कुणीही विचारायला हवं होतं. बे एरियातल्या मराठी मंडळींच्या कॅम्पिंग ग्रुपवर दीडशे माणसं होती, त्यातले सव्वाशे इंजिनिअर. एकानंही विचारलं नाही. काकांनी मोजलंय म्हणजे मोजलंय! मग ‘गुरुदत्तकाकांचे चौदा’ असा शब्दच होऊन बसला, आणि त्या शब्दाच्या भरवशावर देवांगनं तोच ट्रक घेतला, तोच कॅम्पर, तेच टायर.

देवांगचा ट्रक आत्ता पलीकडच्या पंपाला उभा होता. कॅनियन बघून चार दिवसांनी दोन्ही घरं फ्रीमाँटला परत निघाली होती. फ्रेस्नोपासून गुरुदत्त पुढे आणि देवांग मागे. आरशात देवांगच्या चारही खिडक्या उघड्या दिसल्या होत्या त्याला, दोनतीनदा दिसल्या होत्या. वाटलं होतं, असेल हौस. नागपूरचा मुलगा आहे, ऊन अंगात मुरलेलं असणार…

“काका, ह्याला जरा तुमच्यासारखं चालवायला शिकवा ना.”

रेणू. देवांगची बायको. कडेवर वर्षाची सई, डोक्याला ओला रुमाल गुंडाळलेली, मान घामोळ्यांनी लालभडक.

“सेम ट्रक, सेम कॅम्पर,” रेणू म्हणाली, “तुम्हाला चौदा आणि ह्याला नऊ. आठ महिने झाले. मेकॅनिककडे तीनदा नेऊन आणला. दर वेळी तो म्हणतो, काही प्रॉब्लेम नाही. मग प्रॉब्लेम ड्रायव्हरमध्येच ना? आता ह्याचं नवीन काय, तर एसी खूप खातो, एसी बंद! एकशे सहा टेम्परेचर आहे काका. मी म्हटलं, पोरगी भाजून निघेल. तर म्हणतो, काकू पण तशाच जात असतील.”

ती हसत सांगत होती. चिडलेली माणसं परक्यासमोर हसतात तसं. आणि गुरुदत्तही हसला — हसला! तोंडातून चक्क “हो, पाय जरा हलका ठेवायचा असतो” असं काहीतरी निघून गेलं, आणि मग सईनं हात पुढे केला, त्याच्या चष्म्याकडे, आणि तिच्या दंडावरचं पुरळ इतकं जवळ आलं की त्यातला एकेक दाणा दिसावा… उघड्या खिडक्यांतून वारा भरला की गाडी जास्तच अडते, पेट्रोल उलट जास्त जातं. एवढं तरी ग्रुपवर लिहायचं होतंस, गाढवा. चाळीस मेसेज टाकलेस, हे एक नाही सुचलं.

त्याची बायको सुनेत्रा कॅम्परच्या पायरीवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पायरी उतरून ती आली, सईला घेतलं, रेणूला म्हणाली, “चल, तू आणि ही आमच्या गाडीत. एसी फुल्ल लावू. मी चालवते.” आणि गुरुदत्तकडे वळून, “तुम्ही बसा देवांगबरोबर. शिकवा त्याला.”

“तू? पाचेको पासचा चढ आहे पुढे. कॅम्परसकट दोनदाच चालवला आहेस तू.”

“चावी द्या,” ती म्हणाली. मग हळू आवाजात, फक्त त्याला ऐकू येईल असं, “मला गाडीतलं काही कळत नाही हो. पण पंपावर तुम्ही किती वेळ उभे राहता, ते कळतं.”

म्हणजे माहीत होतं! कधीपासून? पहिल्या ट्रिपपासून? आणि दोन वर्षं ही बाई बार्बेक्यूच्या टेबलाशी, कुणी विचारलं की, ‘हो, ह्यांची चौदा देते’ म्हणून शांतपणे काकडी चिरत राहिली… त्याला वाटलं होतं चारचौघांत पकडलं जाणं हीच लाज. हिनं दोन वर्षं आपल्याला सांभाळून घेतलं, ही लाज त्याच्या हिशेबातच नव्हती. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. उन्हानं नव्हे.

सुरुवात तिच्यापासूनच तर झाली होती. ट्रक घ्यायचं त्यानं ठरवलं तेव्हा ती म्हणाली होती, सत्तावन्नाव्या वर्षी पाठीवर घर घेऊन हिंडायचं? गोगलगाय व्हायचंय का? आणि मग, अगदी हरल्यासारखं, आपल्याकडे शेवटी विचारतात तेच, “ॲव्हरेज किती देते?” आणि तो पटकन म्हणाला होता, चौदा. आकडा कुठून आला देव जाणे. दहापेक्षा जास्त आणि वीसपेक्षा कमी, म्हणून खरा वाटणारा. पहिल्याच ट्रिपला नऊ निघाले. तेव्हा सांगता आलं असतं. ‘अगं, नऊच देते.’ तीन शब्द. ती हसली असती, वर्षभर चिडवलं असतं, संपलं असतं. त्याऐवजी त्यानं डॅशबोर्डवरच्या आकड्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला…

लहानपणी मिरजेला वडिलांची स्कूटर होती. पाटबंधारे खात्यातले सगळेच साहेब संध्याकाळी फाटकाशी स्कूटर लावून उभे राहायचे आणि ॲव्हरेज सांगायचे. कुणाची पन्नास, कुणाची पंचावन्न. वडील आपले म्हणायचे, पस्तीस. दर वेळी पस्तीस! छोटा गुरू फाटकाला लोंबकळून ऐकायचा आणि शरमेनं घरात पळायचा. एकदा त्यानं रडकुंडीला येऊन विचारलं होतं, बाबा, सगळ्यांची पन्नास देते, आपलीच का पस्तीस? वडील स्कूटर पुसत म्हणाले, “त्यांची तोंडातली स्कूटर पन्नास देते रे. दारातली त्यांचीही पस्तीसच.” तेव्हा वाटलं होतं, असा कसा आपला बाप. चारचौघांत साधी एक थाप मारता येत नाही ह्याला.

“काका, तुम्हीच चालवा,” देवांगनं दार उघडून धरलं होतं. “मी फक्त बघतो. तुमचा पाय बघतो.”

एकतीस वर्षांचा मुलगा. शर्ट पाठीला चिकटलेला. सीटवर सईचा उष्टा बिस्किटाचा तुकडा, आणि डॅशबोर्डवर — गुरुदत्तनं मान वळवायच्या आत दिसलंच — ॲव्हरेज आठ पूर्णांक नऊ. देवांगनंही ते बघितलं आणि आपलं काही उघडं पडल्यासारखा बावरला. “चढ होते ना सकाळी,” तो म्हणाला. “आणि माझी सवय, यार… सॉरी काका… ब्रेक जास्त मारतो मी. रेणू म्हणते तसं असेल. मी पंचावन्ननं चालवून बघितलं, सामान कमी केलं, पाण्याची टाकी रिकामी ठेवून बघितली. काय चुकतंय तेच कळत नाही.”

काही चुकत नाही बाळा. बोल ना. आता बोल, गुरुदत्त, गाडीत दोघंच आहात, बायका नाहीत, ग्रुप नाही. त्यानं तोंड उघडलं, आणि हात पुढे करून एसी लावला. जास्तीत जास्त थंड. देवांग दचकला.

“एसी? काका, पण…”

“असू दे.”

एवढंच जमलं.

उजवीकडे धरणाचं पाणी लागलं, मग चढ सुरू झाला. इंजिन ओरडायला लागलं, आकडा आठवर आला, साडेसातवर आला, आणि देवांग आकडा न बघता काकांचा पाय बघत होता. खरोखर बघत होता, वाकून, विद्यार्थ्यासारखा! त्या पायाला काय वाटलं ते सांगता येत नाही. जवळजवळ साठ वर्षं चालला असेल, पण इतका नागडा कधी वाटला नव्हता. आरशात मागे आपला पांढरा ट्रक, खिडक्या बंद. सुनेत्रा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, चढावर बरोब्बर अंतर ठेवून येत होती.

माथा आला.

“काका, ॲव्हरेज रीसेट करू?” देवांग उत्साहानं म्हणाला. “तुमच्या हातचं फ्रेश रीडिंग.”

नको, असं म्हणायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी इथेच, ह्याच माथ्यावर, त्यानं स्वतः बटण दाबून चढाचा हिशेब पुसला होता. सुनेत्रा शेजारी झोपली होती. आज माझे हात स्टिअरिंगवर होते, बटण देवांगनं दाबलं, असं कारण मी मला देऊन टाकलं. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडतो!

मग उतार. गाडी आपली आपण धावायला लागली, पेडलला पाय नुसता टेकलेला, आणि आकडा चढायला लागला. सोळा. वीस. चोवीस. देवांग सीटवर सरळ झाला, टाळी वाजवायचा बाकी राहिला. “मानलं काका! सेम गाडी आहे! अर्ध्या तासापूर्वी हीच गाडी साडेसात देत होती!” आठ महिन्यांत हा मुलगा असा हसला नसेल. त्याचं हसू बघून गुरुदत्तला — हे कबूल करायलाच हवं — क्षणभर बरं वाटलं. मोठं, जुनं, ओळखीचं बरं. ग्रुपवर त्या दिवशी फोटोखाली अंगठ्यांची रांग लागली होती तेव्हा वाटलं होतं तसलं.

डोंगर संपला. गिलरॉयच्या शेतांवरून लसणाचा वास आला आणि रस्ता सपाट झाला. आता आकडा हळूहळू उतरणार होता; गुरुदत्तला त्या उतरण्याची पायरी न् पायरी पाठ होती. एकवीस. एकोणीस. देवांगनं खिशातून फोन काढला, कॅमेरा चालू केला, धरून ठेवला. अठरा. सतरा पूर्णांक चार.

“काढ ना,” गुरुदत्त म्हणाला. “काढत का नाहीस?”

“थांबा जरा.” देवांग ओशाळून हसला. “सतरावर रेणू विश्वास नाही ठेवणार. जरा खाली येऊ दे. चौदाच्या आसपास आला की काढतो.”

वासरू गाईमागून चालावं तसा हा मुलगा आपल्या पावलांत पाऊल टाकत चालला होता, आणि त्याला आपण कशामागून चाललोय हेसुद्धा कळत नव्हतं. त्या दिवशी मी असाच थांबलो होतो. रस्त्याच्या कडेनं हळू चालवत, बायको झोपेत, एक डोळा तिच्यावर आणि एक आकड्यावर. एकवीस कोण खरे मानणार? अठराही नाही. तेव्हा उतरू दे, अजून उतरू दे, अजून… जसं एखादं फळ पिकायची वाट बघावी, तशी मी त्या खोट्याची खरं दिसेपर्यंत वाट बघितली होती. त्यापेक्षा रागाच्या भरात सरळ ठोकून दिलेली थाप बरी. ह्यात धीर होता, कौशल्य होतं, सव्वीस वर्षांची विद्या होती. आणि मी ती विद्या आता ह्या पोराला दिली, कुणी न मागता, तोंडानं एक शब्दही न शिकवता.

पंधरा पूर्णांक एक. चौदा पूर्णांक सात. फोन वर आला. चौदा पूर्णांक तीन.

गुरुदत्तनं उजवा हात स्टिअरिंगवरून काढला आणि तळहातानं तो आकडा झाकला.

“काका? आत्ताच तर…”

“अजून खाली येऊ दे.”

“अजून किती? मग तो…”

“घरापर्यंत येऊ दे. जिथं येईल तिथं येऊ दे.” आवाज स्वतःचा वाटत नव्हता, मिरजेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या कुणाचा तरी वाटत होता, पण तितका ठाम नव्हता. “तुझं काही चुकत नाही, देवांग. माझ्या फोटोच्या वेळी मीही इथंच थांबलो होतो.”

देवांगला लगेच कळलं नाही. मग कळलं. ते कळत जाताना गुरुदत्तनं बघितलं नाही, नुसतं शेजारच्या सीटवर काहीतरी बदललेलं जाणवलं. फोन मांडीवर ठेवल्याचा बारीक आवाज. एसीचा आवाज. आठ महिने, तीनदा मेकॅनिक, लेकीच्या मानेवरचं लाल पुरळ… हे सगळं त्या मुलाच्या मनात आता एकेक करून उलटं फिरत असणार, आणि ते फिरेपर्यंत शेजारी बसून राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो ओरडेल का, की थांबवा म्हणेल, की — देवा, एवढं नको — ‘इट्स ओके काका’ म्हणेल?

देवांगनं फोन खिशात टाकला.

मैलभर रस्ता मागे पडला. आरशात पांढरा ट्रक तसाच मागे, सुनेत्रा तशीच अंतर राखून, तिच्या शेजारी रेणूचं तोंड हलत होतं, काहीतरी सांगत होती ती. तिकडे फार वेळ बघवेना. गुरुदत्तनं तळहात काढला. अंगभर लाज होती, पार नखांपर्यंत, आणि ती कमी होण्याचं काही चिन्ह नव्हतं. पण इतके दिवस ती लपवायला एक हात सतत अडकून पडला होता, तो तेवढा मोकळा झाल्यासारखं वाटलं. त्यानं मान वळवली नाही, झाकणबिकण काही शोधलं नाही. सरळ आकड्याकडे बघितलं.

तेरा पूर्णांक सहा.